पाश्चर आणि एक थेंब

क्षयरोगाच्या ओपीडीत एक प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच. परवा तो एका रिक्षाचालकाने विचारला. दोन महिने गोळ्या घेऊन झाल्या होत्या. खोकला थांबला, संध्याकाळचा ताप गेला, वजन वाढले, थुंकीच्या तपासणीत जंतू दिसेनासे झाले. मग अजून चार महिने गोळ्या कशासाठी? मी नेहमीचे उत्तर दिले, की काही जंतू आत दडून बसलेले असतात. यावर बहुतेक जण मान डोलावून निघून जातात. हा गेला नाही. दडून बसतात म्हणजे नक्की काय करतात, हे त्याला हवे होते. खातात का, श्वास घेतात का, झोपतात का? मागे चाळीस जणांची रांग होती. मी त्याला दोन वाक्यांत काहीतरी सांगितले, पण माझेच समाधान झाले नाही. खरे उत्तर सुरू होते ते दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या एका थेंबापासून, आणि तो थेंब पाहणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

लुई पाश्चर हे नाव आपल्याकडे दोन गोष्टींमुळे घराघरांत माहीत आहे: दुधाच्या पिशवीवरचा पाश्चराइज्ड हा शब्द आणि कुत्रा चावल्यावर घ्यायची लस. या दोन्हींच्या मधे त्यांचे जे काम आहे, ते शाळेच्या पुस्तकात फारसे येत नाही. आम्हा डॉक्टरांना मात्र त्याच कामाशी रोज गाठ पडते. हवेशिवाय जगणारे जीव असतात, हे त्यांनी दाखवले.

त्यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, फ्रान्सच्या पूर्वेकडील ज्युरा भागातल्या दोल गावचा. वडील कातडी कमावण्याचा धंदा करत. त्याआधी ते नेपोलियनच्या सैन्यात होते आणि शौर्याबद्दल मिळालेला सन्मान त्यांनी जन्मभर जपला. पुढे कुटुंब आर्ब्वा नावाच्या लहान गावी आले. नदीकाठी घर, खाली कातड्यांचे हौद, वर राहायच्या खोल्या. मुलगा अभ्यासात बरा होता, असामान्य म्हणावा असा नव्हता. त्याचा हात चालायचा तो चित्रांत. आई, वडील, शेजारीपाजारी यांची त्याने काढलेली रंगीत खडूंची चित्रे आजही जपून ठेवलेली आहेत आणि ती खरोखर चांगली आहेत. पंधरा-सोळाव्या वर्षी शिकायला पॅरिसला पाठवले, तर घराच्या आठवणीने इतका खंगला की वडिलांना येऊन परत न्यावे लागले. आपल्याकडे वसतिगृहातून पळून आलेल्या मुलांच्या पालकांना मी हे आवर्जून सांगतो. दुसऱ्या खेपेला तो टिकला. १८४३ मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेत त्याला प्रवेश मिळाला.

लक्षात घेण्यासारखे म्हणजे पाश्चर डॉक्टर नव्हते. ते रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांचे पहिले मोठे काम द्राक्षाच्या वाइनमध्ये सापडणाऱ्या टार्टारिक आम्लाच्या स्फटिकांवर होते. १८४८ मध्ये त्यांनी दाखवले, की एकाच आम्लाचे स्फटिक डावे आणि उजवे असे दोन प्रकारचे असू शकतात, आरशातल्या प्रतिबिंबासारखे. भिंगाखाली एकेक स्फटिक चिमट्याने वेचून त्यांनी दोन ढीग केले होते. चित्रकाराची नजर इथे कामी आली असणार, असे मला नेहमी वाटते. पुढच्या वर्षी स्ट्रासबूर्गला प्राध्यापक असताना तिथल्या विद्यापीठप्रमुखांची मुलगी मारी लोराँ हिच्याशी त्यांचे लग्न झाले. रात्री नवऱ्याचे संशोधन लिहून घेणारी, त्याच्या प्रयोगांच्या तंद्रीत घर चालवणारी ही बाई नसती तर पुढचे किती घडले असते, कोण जाणे.

१८५४ मध्ये ते लील शहरात आले. तिथे बिटापासून अल्कोहोल बनवण्याचे कारखाने होते. १८५६ मध्ये बिगो नावाचे एक कारखानदार अडचण घेऊन आले. त्यांच्या काही पिपांतला रस अल्कोहोल होण्याऐवजी नासून आंबट होत होता. पाश्चर यांनी थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. चांगल्या पिपात यीस्टचे गोल दाणे दिसले, नासलेल्यात त्यांच्याऐवजी बारीक काड्या. त्या काळी मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांची समजूत अशी होती, की आंबणे म्हणजे मृत पदार्थाचे आपोआप होणारे विघटन. पाश्चर या निष्कर्षाला आले, की आंबणे हे जिवंत सूक्ष्मजीवांचे काम आहे आणि प्रत्येक प्रकारच्या आंबण्यामागे वेगळा जीव आहे. विरजण लावणाऱ्या घरातल्या कोणत्याही आजीला हे ऐकून नवल वाटले नसते. चांगले विरजण आणि बिघडलेले विरजण यांतला फरक तिला हाताला कळतो. प्रयोगाने ते सिद्ध करणे हे काम वेगळे होते.

१८५७ मध्ये ते पॅरिसला आपल्या जुन्या संस्थेत परतले. पद मोठे होते, पण प्रयोगशाळा म्हणून मिळाले ते माळ्यावरचे दोन कोंदट कोपरे. नंतर एक छोटी इमारत मिळाली, तर तिथे जागेअभावी जंतू वाढवण्याची उबदार खोली जिन्याखाली करावी लागली. आत जायचे तर गुडघ्यांवर रांगत. सरकारी रुग्णालयात तीस वर्षे काढलेल्या माणसाला हे वाचून परकेपणा वाटत नाही.

आता तो थेंब. १८६१ च्या सुरुवातीची गोष्ट. पाश्चर तेव्हा खवट लोण्याचा वास देणाऱ्या, म्हणजे ब्युटिरिक आम्ल तयार करणाऱ्या आंबण्याचा अभ्यास करत होते. त्यातला एक थेंब काचेवर चपटा करून त्यांनी पाहिला. आत काड्यांसारखे जीव वळवळत होते. असा थेंब दोन काचांमध्ये दाबला, की एरवी सूक्ष्मजीव हळूहळू कडेला जमतात, कारण हवा कडेने आत येते. इथे उलट दिसले. कडेचे जीव निपचित पडले होते आणि मध्यभागी, जिथे हवा पोहोचत नव्हती, तिथले जोमात हलत होते. दुसऱ्या कुणी नमुना बिघडला असे समजून काच धुतली असती. पाश्चर यांनी आंबणाऱ्या द्रवाच्या भांड्यातच हवा सोडून पाहिली. आंबणे मंदावले आणि थांबले. हवा या जिवांना मारत होती.

त्या काळात हा विचार पचणे किती अवघड होते, याची कल्पना आज करता येत नाही. लावाझिएपासून प्राणवायू म्हणजेच जीवन असे समीकरण ठरून गेले होते. नाव तरी काय, प्राणवायू! आणि हा माणूस सांगत होता, की प्राणवायू विषासारखा लागणारे जीव आपल्या आसपास आहेत. १८६३ मध्ये त्यांनी दोन शब्द बनवले, एरोबिक आणि अॅनएरोबिक. आपण ऑक्सिजीवी आणि विनॉक्सी म्हणतो.

त्याच काळात त्यांनी यीस्टबद्दल आणखी एक गोष्ट नोंदवली. माझ्या मते ती थेंबाइतकीच महत्त्वाची आहे. यीस्टला भरपूर हवा दिली तर ते झपाट्याने वाढते, पण त्या मानाने साखर कमी खाते. हवा तोडली तर वाढ खुंटते, मात्र साखर फस्त होते आणि अल्कोहोल तयार होते. म्हणजे हा जीव ऑक्सिजीवीही नाही आणि विनॉक्सीही नाही. तो दोन्ही आहे, आणि परिस्थिती पाहून बदलतो. याचे कारण आज शाळकरी मुलेही सांगतील. ऑक्सिजन असेल तर साखरेच्या एका रेणूतून पेशीला ऊर्जेची सुमारे ३० नाणी मिळतात, नुसत्या आंबवण्यातून फक्त २. कमाई घटली की तेवढ्याच खर्चासाठी जास्त साखर जाळावी लागते. पुढे या घटनेला पाश्चर यांचेच नाव मिळाले. पण ऑक्सिजन संपत आला हे त्या इवल्याशा पेशीला कळते कसे, आणि कळल्यावर ती आपला कारभार बदलते कशी, हे सांगण्याची साधने त्यांच्या काळात नव्हती. जनुक हा शब्दसुद्धा जन्मायचा होता.

घरात मात्र याच वर्षांत एकामागून एक मृत्यू होत होते. १८५९ मध्ये थोरली मुलगी जान आर्ब्वाला आजोबांकडे असताना टायफॉइडने गेली. ती नऊ वर्षांची होती. १८६५ मध्ये वडील गेले. त्याच वर्षी दोन वर्षांची कामी यकृतातल्या गाठीने गेली. १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसिल, तीही टायफॉइडने. पाच मुलांपैकी दोनच उरली. टायफॉइडचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसला तो १८८० मध्ये. तो ऑक्सिजन असताना जगतो आणि नसतानाही. आतड्यात जिथे ऑक्सिजन जेमतेम असतो, तिथेही तो तग धरतो. पाश्चर प्रयोगशाळेत ज्या क्षमतेचा अभ्यास करत होते, तीच असलेला जीव त्यांच्या मुलींच्या पोटात होता, आणि वडिलांना त्यातले काहीच ठाऊक नव्हते.

या काळात ते दक्षिण फ्रान्समध्ये रेशीमकिड्यांच्या रोगावर काम करत होते, कारण तिथले रेशीम उत्पादक बुडाले होते. १९ ऑक्टोबर १८६८ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांना पक्षाघात झाला. डावी बाजू गेली. उपचार म्हणून कानामागे जळवा लावल्या. आमच्या दृष्टीने एकच बरे झाले: मेंदूची उजवी बाजू बाधित झाली होती, त्यामुळे भाषा शाबूत राहिली, आणि आठवड्याभरात त्यांनी अंथरुणावरून एक शोधनिबंध सांगून लिहून घेतला. त्यांच्यासाठी नव्या प्रयोगशाळेचे बांधकाम सुरू झाले होते. हा माणूस जगत नाही असे समजून अधिकाऱ्यांनी ते थांबवले. खिडकीतून त्यांना कामगार दिसेनासे झाले तेव्हा त्यांनी ओळखले. शेवटी बादशहाने हुकूम काढला आणि काम पुन्हा सुरू झाले. डावा हात मात्र कायमचा आखडला आणि चालताना पाय ओढायला लागला. यापुढचे नाजूक हस्तकाम रू, शाम्बरलाँ, झुबेर या तरुण सहकाऱ्यांनी केले. आपण ज्याला पाश्चर यांचे कार्य म्हणतो, त्यातले निम्मे अशा माणसाचे आहे ज्याचा एक हात चालत नव्हता. हेही खरे, की ते दुसऱ्यांच्या हातांनी केलेले आहे.

डॉक्टर म्हणून मला त्यांच्या आयुष्यातला सर्वात विलक्षण भाग वाटतो तो १८७७-७८ चा. काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स या जनावरांच्या रोगावर तेव्हा वाद चालू होता. काही संशोधक म्हणत, की अँथ्रॅक्सने मेलेल्या जनावराचे रक्त सशाला टोचले तर ससा मरतो, पण त्याच्या रक्तात अँथ्रॅक्सच्या काड्या सापडतच नाहीत. मग काड्यांमुळे रोग होतो हे खोटे. पाश्चर शार्त्र गावी मेलेली जनावरे जमा होतात तिथे गेले. ताज्या मेलेल्या मेंढीच्या रक्तात फक्त अँथ्रॅक्सचे जंतू होते. अधिक वेळ पडून राहिलेल्या घोड्याच्या आणि गाईच्या रक्तात दुसरे काहीतरी मिसळलेले होते. जनावर मेले की रक्तातला ऑक्सिजन संपतो आणि आतड्यात एरवी शांत राहणारे विनॉक्सी जंतू रक्तात घुसतात. ससे त्यांनी मरत होते. या जंतूला आज क्लोस्ट्रिडियम सेप्टिकम म्हणतात. गॅस गँगरीनच्या कुळातला तो आहे, आणि रोग करणारा विनॉक्सी जंतू म्हणून ओळखला गेलेला पहिलाच.

तो वाढवताना सुरुवातीला सगळे प्रयत्न फसले, कारण ते हवेत चालले होते. निर्वात नळीत ठेवल्यावर तो वाढला. मग त्यांनी पाहिले, की द्रवाचा थर अगदी पातळ असेल तर हवेने सारे जंतू मरतात आणि द्रव निरुपद्रवी होतो. पण थर सेंटीमीटरभर जाड असेल, तर वरचे जंतू ऑक्सिजन शोषत मरतात आणि त्यांच्या आडोशाने खालचे वाचतात. नुसते वाचत नाहीत, तर कवच धारण करून बीजाणू होतात. एकदा बीजाणू झाले, की मग हवा त्यांचे काही वाकडे करू शकत नाही. असे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे पडून राहतात. खोल, चेंगरलेल्या, रक्तपुरवठा तुटलेल्या जखमेत गेले, की ऑक्सिजन नाही हे ओळखून पुन्हा जागे होतात. धनुर्वाताचेही असेच आहे. आपल्याकडे बाळाच्या नाळेला शेण किंवा माती लावण्याच्या प्रथेने किती बाळे गेली, हे जुन्या सुइणी सांगतील. भारतात मातांचा आणि नवजात बाळांचा धनुर्वात आटोक्यात आल्याचे जाहीर व्हायला २०१५ साल उजाडावे लागले.

इथे एक कबुली. उमेदवारीच्या काळात, एका रुग्णालयात, एका बाईच्या पोटातला गळू फोडला होता. पूला असह्य दुर्गंध होता. कापसाच्या बोळ्यावर नमुना घेऊन, उघड्या नळीतून, दुपारच्या जेवणानंतर तो तपासणीला गेला. दोन दिवसांनी अहवाल आला, की जंतूंची वाढ नाही. आम्ही त्यावर विसंबून औषध कमी केले आणि ताप पुन्हा चढला. तेव्हा एका वयस्कर शल्यचिकित्सकांनी फक्त इतके विचारले, की अहवालाआधी नाकावर विश्वास का ठेवला नाही. विनॉक्सी जंतू वाटेतच हवेने मेले होते. पाश्चर यांच्या पातळ थरातल्यासारखेच. मेट्रोनिडॅझोल सुरू केल्यावर बाई बऱ्या झाल्या. हे औषध ऑक्सिजन नसलेल्या पेशीतच विषारी रूप घेते, ऑक्सिजनवर जगणाऱ्या जंतूला ते काही करत नाही.

पाश्चर स्वभावाने गोड नव्हते. वादात समोरच्याला फाडून खात. १८८० मध्ये वैद्यक अकादमीत वाद इतका तापला, की ऐंशीच्या घरातल्या एका शल्यचिकित्सकाने त्यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. त्याआधी १८७८ मध्ये त्यांचे मित्र, थोर शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांच्या मृत्यूनंतर त्यांची टिपणे छापली गेली. त्यांत आंबण्यासाठी जिवंत पेशी लागतेच असे नाही, असा सूर होता. पाश्चर चवताळले. आर्ब्वाजवळच्या आपल्या द्राक्षमळ्यात त्यांनी काचघरे उभारली, घडांना कापसात गुंडाळले आणि दाखवले, की यीस्ट बाहेरून लागले नाही तर द्राक्षाचा रस आंबत नाही. ते घड त्यांनी सांभाळून पॅरिसला नेले. प्रयोग निर्दोष होता, तरी वादात अर्धे खरे बर्नार यांचेही होते. १८९७ मध्ये बुखनर या जर्मन शास्त्रज्ञाने यीस्ट चिरडून काढलेल्या, पेशी नसलेल्या रसानेही साखर आंबते हे दाखवले. तेव्हा पाश्चर जाऊन दोन वर्षे झाली होती.

ऑक्सिजनने मात्र त्यांना इतके पछाडले होते, की पुढच्या लशींमागेही त्यांना तोच दिसू लागला. कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू बरेच दिवस हवेत ठेवले की मवाळ होतात, आणि त्यांनी कोंबडी मरत नाही तर सुरक्षित होते, हे त्यांच्या प्रयोगशाळेत १८८० च्या सुमारास दिसले. बंद नळीतले जंतू जहाल राहतात हेही दिसले. म्हणजे ऑक्सिजन जंतूला शमवतो. हाच नियम अँथ्रॅक्सला लावायचा होता. मे १८८१ मध्ये पुई-ले-फोर या गावी जाहीर प्रयोग ठरला. एका गटात २४ मेंढ्या आणि एक शेळी यांना लस, दुसऱ्या गटात तेवढ्याच जनावरांना काही नाही, शिवाय काही गाई. मग सर्वांना जहाल जंतू टोचले. २ जूनला वार्ताहर, शेतकरी, पशुवैद्य जमले तेव्हा लस दिलेल्या मेंढ्या उभ्या होत्या आणि बाकीच्या मेल्या होत्या किंवा मरत होत्या. जगभर नाव झाले.

त्या दिवशी टोचलेली लस मात्र ऑक्सिजनने मवाळ केलेली नव्हती. ती शाम्बरलाँ यांनी पोटॅशियम डायक्रोमेट हे रसायन वापरून केलेली होती. तूलूझचे पशुवैद्य तूसाँ यांनी आधी रसायनाने लस करण्याचा मार्ग दाखवला होता, आणि पाश्चर यांनी त्यांच्या पद्धतीबद्दल जाहीर शंका घेतली होती. पुई-ले-फोरच्या लशीबद्दल लोकांचा समज ऑक्सिजनचाच राहू दिला गेला. पत्नीचा भाचा आणि मदतनीस आद्रियाँ ल्वार यांनी १९३८ मध्ये हे लिहिले, पण फारसे कुणी लक्ष दिले नाही. पाश्चर यांनी आपल्या वह्या कुणाला दाखवू नयेत असे घरच्यांना सांगून ठेवले होते. नातवाने त्या १९६४ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या, आणि त्यानंतर इतिहासकारांनी त्या वाचल्या तेव्हा शंका उरली नाही. लस खरी होती, मेंढ्या खरोखर वाचल्या. तरीही त्यांनी तूसाँ यांचे श्रेय झाकले, याचे मला समर्थन करता येत नाही. तूसाँ आजारी पडून अकाली गेले.

ऑक्सिजनने जंतू शमवण्याच्या कल्पनेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. पाश्चर संस्थेत काम करणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांनी कॉलऱ्याचे जंतू ३९ अंश उष्णतेत, सतत हवा सोडत वाढवून मवाळ केले आणि १८९२ मध्ये ती लस स्वतःला टोचून घेतली. ती घेऊन ते भारतात आले. पुढे मुंबईत प्लेग आला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत त्यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःला टोचली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

रेबीजच्या लशीची आणि ६ जुलै १८८५ रोजी टोचलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ मैस्टरची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती इथे पुन्हा सांगत नाही. १८८८ मध्ये लोकवर्गणीतून पाश्चर संस्था उभी राहिली. उद्घाटनाला त्यांचे भाषण मुलाने वाचले, कारण भरून आल्यामुळे त्यांना ते वाचवेना. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पॅरिसजवळ त्यांचे निधन झाले. संस्थेच्या तळघरातच त्यांची समाधी आहे.

थेंबाच्या प्रश्नाचे उत्तर त्याच संस्थेत, वरच्या माळ्यावर मिळायला सुरुवात झाली. तिथे आंद्रे ल्वॉफ यांच्या प्रयोगशाळेत झाक मोनो आणि फ्रांस्वा जाकोब यांनी १९६१ मध्ये, म्हणजे थेंबानंतर बरोबर शंभर वर्षांनी, जिवाणू आपली जनुके गरजेनुसार चालू-बंद कशी करतात, हे मांडले. डीएनएवर ठरावीक जागी एखादे प्रथिन येऊन बसते आणि पुढच्या जनुकाचे काम थांबवते किंवा सुरू करते. दुधातली साखर असेल तरच ती पचवणारे विकर बनवायचे, नाहीतर कशाला खर्च करायचा? तिघांना १९६५ चे नोबेल मिळाले.

पुढे कळले, की ऑक्सिजनसाठीही अशीच बटणे आहेत. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूत एफएनआर नावाचे प्रथिन असते. त्याच्या पोटात लोहाचे चार आणि गंधकाचे चार अणू यांचा एक नाजूक गड्डा असतो. ऑक्सिजन नसेल तर गड्डा टिकतो, दोन प्रथिने जोडीने डीएनएवर बसतात आणि ऑक्सिजनशिवाय चालणाऱ्या यंत्रणेची जनुके सुरू करतात. ऑक्सिजन आला की गड्डा मोडतो, जोडी फुटते आणि बटण बंद होते. लोखंड हवेत गंजते, त्याच गुणाचा जिवाणूने असा उपयोग करून घेतला आहे. स्वयंपाकघरात सिलिंडर संपला की आपण शेगडी बाहेर काढतो, पण आधी संपल्याचे कळावे लागते. जिवाणूला ते या गड्ड्याने कळते. जोडीला आणखी एक यंत्रणा पेशीच्या पापुद्र्यात बसून श्वसनाची साखळी तुंबली आहे का, यावर नजर ठेवते.

आणि क्षयाचा जंतू? तो तर ऑक्सिजनचा भोक्ता, म्हणूनच फुप्फुसाच्या वरच्या भागात रमतो. आपले शरीर त्याच्याभोवती पेशींची तटबंदी उभारते आणि आतला ऑक्सिजन हळूहळू कमी होतो. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा. प्रयोगशाळेत ऑक्सिजन एकदम तोडला तर हे जंतू मरतात. बंद नळीत सावकाश संपू दिला तर ते जुळवून घेतात आणि दीर्घकाळ तगतात. लोहयुक्त हीम असलेली दोन प्रथिने, म्हणजे आपल्या रक्ताला लाल करणारा तोच घटक, ऑक्सिजन घटल्याची वर्दी देतात. वर्दी मिळालेले तिसरे प्रथिन सुमारे ५० जनुके एकदम चालू करते. या तिसऱ्या प्रथिनावरचे सुरुवातीचे मोलाचे काम दिल्लीच्या एम्समध्ये जया त्यागी यांच्या गटाने केले आहे. जंतू विभागणे थांबवतो, साठवलेल्या चरबीवर भागवतो, मरत नाही. आयसोनियाझिडसारखी गोळी नवी भिंत बांधणाऱ्या जंतूवर चालते. जो भिंत बांधतच नाही, त्याला ती काय करणार? उपचार सहा महिने चालण्यामागचे हे एक मोठे कारण. पहिल्या दोन महिन्यांत चार औषधे वाढते जंतू मारतात, उरलेले चार महिने तीन औषधे आळसावलेल्यांच्या मागे लागतात.

रिक्षाचालक पुढच्या महिन्यात गोळ्या न्यायला आला, तेव्हा रांग कमी होती. मी त्याला कागदावर थेंब काढून दाखवला, कडेचे निपचित आणि मधले वळवळणारे. मग त्याचे उलटे चित्र त्याच्या छातीच्या एक्स-रेवर दाखवले, मध्यभागी ऑक्सिजनविना पडून राहिलेले. त्याने विचारले, की मग ते परत उठतात केव्हा. मी सांगितले: गोळ्या अर्धवट सोडल्या तर, पोटाला कमी पडले तर, एचआयव्हीची बाधा असेल तर, किंवा मधुमेह असेल तर. मधुमेह घरात आईला आहे, असे तो म्हणाला. फाइल उघडून पाहिली, तर उपचार सुरू करताना साखर तपासल्याची नोंदच नव्हती. त्याला तिथूनच प्रयोगशाळेत पाठवले. साखर वाढलेली निघाली.